आधी वाट, मग वहाण

दसरा झाला, हवेत थोडा गारवा आला की सिंदीत चालणाऱ्यांची संख्या वाढते. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाच्या मुलीच्या लग्नाला दोन महिने उरलेले असतात, कुणाची साखर वाढलेली असते. मग ओळखीपाळखीचे लोक रस्त्यात थांबवून विचारतात, "भाऊ, चालाले जोडे कितीचे घ्यावं?" मी गेली अनेक वर्षं रोज चालतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी आधी उलटं विचारतो, "चालणार कुठी?" बरेच जण गोंधळतात. त्यांना किमतीचं उत्तर हवं असतं. पण नागपूरच्या बगिच्यात फरशीवर चालणारा माणूस आणि सेलडोहकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं चालणारा माणूस यांना एकच जोडा चालत नाही. वाट ठरल्याशिवाय मी कुणालाही बूट सांगत नाही.

आमच्या गावाच्या नावातच वाटेचा खुलासा आहे. वर्ध्याला खेटून एक सिंदी आहे, सिंदी (मेघे). आमची दुसरी, नागपूर आणि वर्धा यांच्या मधल्या रेल्वेमार्गावरची. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे नागपूरला पोचली, त्या मार्गावरचं आमचं स्टेशन. म्हणून आमच्या सिंदीच्या नावापुढं कंसात रेल्वे. गावातून बाहेर पडायचं तर चार तऱ्हेच्या वाटा लागतात. आत सिमेंटचे रस्ते, बाहेर डांबर, डांबराच्या कडेला मुरूम, आणि त्याच्या पलीकडे कपाशी-तुरीच्या काळ्या मातीतले पांदण रस्ते. सकाळच्या पाच किलोमीटरच्या फेरीत या चारही वाटा पायाखालून जातात.

वाट बघून पायताण ठरवायचं, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होती, फक्त तो ती बैलाच्या बाबतीत वापरायचा. नुसती वखर-डवऱ्याची कामं करणाऱ्या बैलाला नाल ठोकायची फारशी गरज पडत नाही, काळी माती खुराला मऊ असते. पण तोच बैल गाडीला जुंपून पक्क्या सडकेनं बाजाराला न्यायचा असेल तर नालबंदाकडे न्यावा लागे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन आणि चार पायांना आठ नाला. नालबंद बैलाला आडवा पाडायचा, पाय बांधायचा, खूर तासायचा, नाल खुरावर ठेवून बघायचा, बसली नाही तर ठोकून वाकवायचा आणि मग खिळे मारायचा. नाल खुराच्या मापाची व्हायची, खुराला कुणी नालेच्या मापाचा करायला जात नसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जो तान्हा पोळा भरतो, ज्यासाठी सिंदीचं नाव दूरवर आहे, त्यातले लाकडी बैलसुद्धा चाकांवर उभे असतात. ते पोरांनी रस्त्यावरून ओढत न्यायचे असतात, म्हणून सुताराला चाकं लावावी लागतात. बैलाच्या पायाचा इतका विचार करणारं आमचं गाव स्वतःच्या पायासाठी मात्र दुकानातला सर्वांत चमकदार खोका उचलतं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

वर्धा जिल्हा हा चालणाऱ्यांचा जिल्हा आहे, हे मला इथं सांगावंसं वाटतं. १९३५ च्या सुमारास गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते, तेव्हा ते सहकाऱ्यांबरोबर शेजारच्या त्या सिंदी (मेघे) गावात सफाईच्या कामासाठी पायी जात. ३० एप्रिल १९३६ रोजी, म्हणजे वर्ध्याच्या ऐन उन्हाळ्यात, ६६ वर्षांचा हा माणूस मगनवाडीहून शेगावला चालत गेला. तेच शेगाव पुढं सेवाग्राम झालं. विनोबा ८ मार्च १९५१ रोजी पवनारहून निघाले आणि हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी गेले. तिथून पुढं १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि त्यांचं चालणं तेरा वर्षं थांबलं नाही. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले.

या चालण्याच्या मागं पायताणाचाही विचार होता. दक्षिण आफ्रिकेत गांधीजी स्वतः चपला शिवायला शिकले होते. तिथं त्यांनी केलेला एक जोड त्यांनी तिथल्या सरकारातल्या जनरल स्मट्सना भेट दिला होता, तो स्मट्सनी १९३९ मध्ये त्यांना परत पाठवला. वर्ध्याजवळच्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली चर्मालय चालायचं. नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचं कातडं कमावायचं आणि त्याच्या वहाणा करायच्या, असं ते काम होतं. ज्या कामाला समाज हात लावत नव्हता, ते काम सुशिक्षित माणसांनी शिकून घेतलं. माझ्या मनात ती वहाण आणि पायी चालणं या दोन गोष्टी कायमच्या जोडल्या गेल्या आहेत.

आता बुटाकडे येतो. बूट सकाळी घेऊ नये. दिवसभर उभं राहून, फिरून पाय संध्याकाळी थोडा फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावतो. दुकानात जाताना ज्या मोज्यात चालणार तेच मोजे घालून जावं. दोन्ही पाय मोजावेत, कारण बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, आणि माप मोठ्या पायाचं धरावं. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढं हाताच्या आंगठ्याची रुंदी मावेल इतकी जागा हवी. टाच मात्र मागं घट्ट बसली पाहिजे, चालताना वर-खाली सरकता कामा नये.

यापेक्षाही साधी एक तपासणी आहे, ती आमच्या स्टेशनाकडच्या मोच्यानं मला शिकवली. घरी वर्तमानपत्रावर उभं राहायचं आणि दुसऱ्या कुणाकडून पायाभोवती पेन्सिल फिरवून घ्यायची. ते चित्र कापून दुकानात न्यायचं आणि बुटातली आतली गादी काढून तिच्यावर ठेवायचं. कागद जिथं गादीबाहेर येतो तिथं पाय दबणार. बहुतेकांचा कागद चवड्याच्या जागी, बोटांच्या मुळाशी, बाहेर येतो. त्याला कारण आहे. आपल्याकडे विकले जाणारे नंबर इंग्लंड-युरोपच्या पायावरून आलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखावर लोकांच्या पायांची मापं घेतली. त्यात भारतीयांचा पाय युरोपीय पायापेक्षा रुंद निघाला, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. रुंदीत बसत नाही म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग लांबी जास्त होते, टाच सरकते, आणि ती बसावी म्हणून लेस करकचून बांधतो. पायाच्या वरच्या बाजूला जी लाल रेघ उमटते ती अशी येते. रुंद पुढच्या भागाचा बूट मिळाला तर तो घ्या, रंग कसाही असो.

बूट हातात घेऊन वाकवून बघा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, जिथं आपला पाय वाकतो. मधोमध वाकणारा बूट तळव्याला आधार देत नाही. कुठंच न वाकणारा तर नकोच. बुटीबोरीच्या कारखान्यांत कामाला जाणारी आमची कितीतरी माणसं कंपनीतून मिळालेले सेफ्टी शूज सकाळच्या चालण्यालाही वापरतात. पैसे वाचतात, हे मला समजतं. पण तो बूट पायावर लोखंड पडू नये म्हणून केलेला असतो. त्याची पुढची बाजू कडक, सोल जाड आणि वजन भरपूर. तो घालून रोज पाच किलोमीटर चाललं की नडगीच्या पुढच्या बाजूचे स्नायू ठणकतात, आणि चालणं आपल्याला झेपत नाही असं माणूस समजतो.

पळण्याचे बूट चालतात का? चालतात. चालताना पाय जमिनीवर टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाइतका किंवा थोडा जास्त भार येतो, पळताना तो दोन-तीन पट होतो. म्हणून पळण्याच्या बुटाला जाड, मऊ गादी लागते, चालणाऱ्याला तेवढी लागत नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी आमची पोरं-पोरी पहाटे मैदानावर घाम गाळतात, पोरं १६०० मीटरसाठी आणि पोरी ८०० मीटरसाठी. त्यांचे बूट बघून त्यांचे वडील तसलेच महागडे बूट मागायला जातात. त्याची गरज नाही. उंच, मऊ टाचेवर मुरमाच्या कडेनं चालताना वयस्क माणसाचा घोटा मुरगळण्याचीच भीती जास्त. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर बुटांवर संशोधन केलं. पळणाऱ्यांच्या दुखापतींचा अभ्यास करून २०१५ मध्ये त्यांनी मांडलं की बूट निवडताना पायाला काय आरामशीर वाटतं यावर विश्वास ठेवावा. आमचा मोची वेगळं काही सांगत नाही. "पायाले इचारा," एवढंच तो म्हणतो.

काळी माती हा आमच्या भागाचा स्वतंत्र विषय आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पांदण रस्त्यावर गेलं की चार पावलांत तळव्याखाली चिखलाचे गोळे बसतात. जोडा दुप्पट जड होतो, माणूस गुडघ्यातून पाय उचलू लागतो आणि कंबर धरते. खोल खाचांचा सोल मुरमावर आणि ओल्या डांबरावर चांगला, पण या मातीत तो माती धरून ठेवतो. उथळ, विरळ नक्षीचा सोल असेल तर माती झटकली जाते. मी एकदा पांढरे जाळीदार बूट घेतले होते. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात जाळीतून चिकण आत गेली, ती वाळली, आणि बोटांच्या सांध्यांवर सालं निघाली. तेव्हापासून पावसाळ्यात मी पट्ट्यांची सँडल वापरतो, मागं टाचेला पट्टा असलेली, आणि काळ्या मातीची वाट चार महिने सोडून देतो. बूट भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवावेत. उन्हात ठेवले की डिंक सुटतो.

आणखी एक गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही. चांगले बूट 'लग्नाकार्याला' म्हणून कपाटात जपून ठेवतात. ज्यांचा सोल पॉलियुरेथेनचा असतो ते हवेतल्या दमटपणानं आतल्या आत कुजतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर घालून बाहेर पडलं की सोलाचा भुगा होतो. घेतलेले बूट वापरावेत. रोज चालणाऱ्याचा साधारण बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर थकतो. रोज पाच किलोमीटर धरले तर साधारण तीन ते पाच महिने. बाहेरून तो छान दिसत असतो, पण टाचेच्या बाहेरच्या बाजूला सोल तिरका झिजलेला असतो. टेबलावर ठेवून मागून बघितलं की कळतं.

हवाई चपलेबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. ती पायात टिकवण्यासाठी बोटं सतत आवळून धरावी लागतात, हा एक भाग. मोठा धोका काट्याचा. आमच्याकडे धुऱ्यावर बाभूळ आणि हिवर, कुंपणाला त्यांच्याच फांद्या. बाभळीचा वाळका काटा रबरी चपलेतून आरपार येतो. आमच्या एका काकूंना मधुमेह होता आणि तळव्याची जाणीव गेलेली होती. काटा रुतला हे त्यांना कळलंच नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला फरशीवर डाग दिसला. पुढं आंगठा काढावा लागला. ज्यांची साखर बरीच वर्षं वाढलेली आहे त्यांनी डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या नायलॉन तंतूनं तळवा तपासून घ्यावा. तंतू टेकवल्यावर कळतो की नाही, एवढीच ती तपासणी. अशा माणसानं अनवाणी किंवा हवाई चपलेत चालू नये, मग वाट देवळाची का असेना. बूट घालण्याआधी उलटा करून झटकावा, आत हात फिरवावा. आल्यावर आरशात तळवे बघावेत, किंवा नातवाला बघायला सांगावं. मोजे शक्यतो पांढरे घ्यावेत. रक्त, पू काही असलं तर त्यावर लगेच दिसतं.

कपड्यांत आमच्याकडे एकाच वर्षात तीन देश होतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी. पावसाळ्यात दमट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या खाली. दुकानदार बाराही महिने चकचकीत पॉलिस्टरचा ट्रॅकसूट दाखवतो, आणि खेळाडूंचे कपडे म्हणजे तेच, अशी समजूत झाली आहे. सूत आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा हवेतूनच धरून ठेवू शकतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. या एका फरकातून सगळं निघतं. कोरड्या एप्रिल-मे महिन्यात घाम सुतात मुरतो, तिथून वाळतो, आणि वाळताना अंग थंड करतो. म्हणून उन्हाळ्यात सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा किंवा खादीचा कुडता, आणि डोक्याला दुपट्टा. कपाशीच्या जिल्ह्यात राहून आपल्याला हे कुणी शिकवायला नको. वर्ध्यात गोपुरीत खादी मिळते, मगन संग्रहालयाची नैसर्गिक रंगांची खादी मिळते. महाग वाटते खरी, पण उन्हाळ्याच्या पहाटेला तिच्यासारखं दुसरं वस्त्र मला मिळालेलं नाही.

पावसाळ्यात तेच सूत वैरी होतं. हवाच ओली असल्यामुळे घाम वाळत नाही. भिजलेला सुती पायजमा मांड्यांना घासतो आणि काखेत, जांघेत गजकर्ण धरतं. तेव्हा पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची पँट बरी. मोजेसुद्धा निव्वळ सुती नकोत, ओला सुती मोजा कातडी मऊ करतो आणि मग फोड येतात. बुलढाण्याकडच्या शेगावहून पंढरपूरला महिनाभर चालत जाणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीतला वारकरी आणि आपण यांत पायाच्या दृष्टीनं फरक फक्त अंतराचा आहे. फोडाला कारणं तीन: ओल, उष्णता आणि घर्षण. बोटांच्या बेचक्यांत थोडं व्हॅसलीन लावलं तर तिसरं कारण कमी होतं.

थंडीत चूक उलटी होते. घरातून निघताना जितकं ऊबदार वाटतं तितकं घालून लोक निघतात आणि दहा मिनिटांत घामेजतात. घाम आलेल्या अंगाला वारा लागला की खोकला वाढल्याची तक्रार सुरू होते. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. कानटोपी आणि मफलर हवेत, स्वेटर मात्र पुढून उघडणारा असावा, म्हणजे चालता चालता उघडता येतो.

बायकांच्या चालण्याबद्दल लिहिताना मला थांबून विचार करावा लागतो, कारण त्यांची अडचण कापडाच्या पलीकडची आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या बाया कासोट्याचं लुगडं नेसून वावरात कोसभर झपाझप जात. दोन्ही पायांना वेगळी मोकळीक असायची. गोल पातळ आलं आणि पाऊल आखूड झालं. आता पन्नाशीतल्या बाया साडीखाली बूट घालून स्टेशनाच्या रस्त्यानं चालतात, तेव्हा ओट्यावर बसलेली माणसं बघत राहतात. शेजारच्या एका बाईंनी मला सांगितलं, "जोडे घालाची लाज नाही वाटत भाऊ, लोकाईच्या पाहण्याची वाटते." त्यांनी बूट घेऊन दोन महिने ते घरातच घातले. मग चौघीजणी मिळून एकाच दिवशी बाहेर पडल्या. आता त्या सलवार-कुडत्यात येतात. ओढणी आडवी घेऊन कमरेला गाठ मारलेली, कुडत्याला शिंप्याकडून खिसा शिवून घेतलेला. किल्ली, फोन, थोडे पैसे त्यात. हात मोकळे राहिल्याशिवाय चाल लागत नाही. आतला आधार नीट हवा, हे बायका एकमेकींनाही संकोचानं सांगतात. छातीला आधार नसला तर खांदे पुढं झुकतात आणि मान-पाठ धरते. रुंद पट्ट्यांची, घट्ट पण श्वास न कोंडणारी ब्रा हा चालण्याच्या सामानातला बुटांइतकाच पहिला खर्च आहे. घरच्या पुरुषांनी तो खर्च ऐकून भुवया उंचावू नयेत.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल थोडक्यात. दहा हजार पावलांचा आकडा डॉक्टरांकडून आलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर अशा अर्थाचं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज साधारण ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही २७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची चढण सपाट झाली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं सांगते. ती मोजायला घरातलं भिंतीवरचं घड्याळ पुरतं. ते पैसे बुटात घाला.

काठी मात्र घ्या. वय झालं म्हणूनच असं नाही. कुत्री असतात, पावसाळ्यात घोणस आणि मण्यार असतात, आणि अंधारात खड्ड्याचा अंदाज काठीनं येतो. सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत काठी यावी. खालचं रबरी बूच औषधाच्या दुकानात मिळतं, ते गुळगुळीत झालं की बदलावं. बॅटरी हातात हवीच, मोबाइलचा उजेड पायापुरताही पुरत नाही.

शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त आहे. नोव्हेंबरपासून आमच्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी कापूस इतका बाहेर आलेला असतो की रस्त्याची कड तिच्याखाली जाते. कितीकांना मागचा दिवा नसतो. पहाटे धुकं, चालणारा काळ्या स्वेटरात, आणि मागून ट्रॅक्टर. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, उजव्या कडेनं चाला, आणि गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्या दुकानातून रेडियमची पट्टी कापून आणा. एक पट्टी बुटाच्या टाचेवर, एक स्वेटरच्या पाठीवर, एक काठीला, एक दंडावर. टाचेवरची सर्वांत उपयोगी, कारण ती हलते. हलणारा ठिपका ड्रायव्हरला लांबून माणूस म्हणून ओळखू येतो.

मागच्या हिवाळ्यात त्या चौघीजणी माझ्यापुढं शंभर पावलांवर चालत होत्या. धुक्यात त्या दिसत नव्हत्या, फक्त आठ टाचा लुकलुकताना दिसत होत्या. माझ्यामागून सेलडोहच्या बाजूनं कापसाची ट्रॉली आली. ड्रायव्हरनं लांबूनच वेग कमी केला, ट्रॉली आणखी डावीकडे घेतली, आणि त्यांच्या बाजूनं हळूच पुढं निघून गेला.